रेघ

यादी मीच टाईप केली.
कुपवाडच्या कारखान्यात टाइम ऑफिसला बावीस वर्षं झाली,
टोकन नंबर ऐकला की बोटांना नाव आठवतं,
चेहरा नंतर.

साहेब म्हणाले, चारजण कमी करायचेत,
कोअर शॉपपुरतीच रेघ मारा.
मी म्हटलं, सगळ्या फौंड्रीची का नको?
वाळू एक, भट्टी एक,
सकाळी मोल्डिंगला असलेला माणूस जेवणानंतर कोअरला असतो,
पगाराची ग्रेडसुद्धा एकच.
ते म्हणाले, चौगुले, चहा घेणार का?

चहा घेतला.
अकरा नावं टाईप केली.
रेघ कुठं मारायची ते एकदा ठरलं
की पुढचं काम कायद्याच्या नावावर होतं:
शेवटी आला तो आधी जाईल.
साधं वाक्य आहे, रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.
फक्त रांग कुठली,
ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

दस्तगीर शिकलगार, टोकन दोनशे सात.
कारखान्यात एकोणीस वर्षं,
कोअर शॉपमध्ये तीन महिने.
मी दुसरा आकडा टाईप केला, पहिल्याला रकानाच नव्हता.
आला तो तळाला.
तिकडं मोल्डिंगला प्रज्वल आहे, लागून दोन वर्षं झालेला,
तो कुठल्याच यादीत नाही.
त्या पोराचा काही दोष नाही.
मुठीत वाळू दाबून ओल कशी ओळखायची
हे त्याला दस्तगीरनंच शिकवलं.

यादी सात दिवस आधी लावायची असते.
शनिवारी पाळी सुटल्यावर लावली,
मिरजेच्या बसचं वेळापत्रक होतं त्याच्यावरच.
बुधवारी पत्रं निघाली, चेकसकट.
मगदूमबाईंनी चेक घेतला, पोरीची फी थटली होती.
बसाप्पा कोरेनं घेतला
आणि सहीच्या खाली लिहिलं, 'हक्क राखून'.
कुणी सांगितलं त्याला, कुणास ठाऊक.
दस्तगीरनं पाकिटाला हातच लावला नाही.

रात्री घरी आला. सायकल भिंतीला टेकवली, कुलूप लावलं नाही.
ईएसआयच्या कार्डामागून घडीची चिठ्ठी काढली:
'काम वाढल्याने तात्पुरत्या स्वरूपात
कोअर शॉप येथे पाठविण्यात येत आहे.'
खाली साहेबांची सही,
डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं, बारीक.
तीपण मीच टाईप केलेली.
म्हणाला, भाऊ, तात्पुरतं म्हंजे किती दिस?

मी पाणी आणून दिलं.
त्यानं ते प्यायलं, तांब्या पालथा घातला,
चिठ्ठी पुन्हा तशीच घडीवर घडी करून ठेवली.

आता सांगलीला कामगार कार्यालयात तारीख पडली आहे.
कंपनीचे वकील म्हणणार, कोअर शॉप हा वेगळा विभाग.
युनियनचा माणूस म्हणणार, मग हजेरीबुक दाखवा.
हजेरीबुक माझ्या कपाटात आहे.
मार्च, एप्रिल, मे.
दस्तगीरच्या पुढं एकाच दिवसाच्या चौकोनात
अर्धा 'मो', अर्धा 'को',
माझं अक्षर, निळी शाई, कुठंही खाडाखोड नाही.

साहेब काल जाता जाता म्हणाले,
पुढच्या महिन्यात अंगठ्याचं मशीन बसतंय,
टाइम ऑफिसचीही एक यादी करून ठेवा.

केली.
एकच नाव आलं तिच्यात.
सगळ्यांच्या आधी लागलेला मी,
सगळ्यांच्या शेवटी लागलेलाही मीच.
बराच वेळ पट्टी धरून बसलो,
रेघ नावाच्या वर मारावी की खाली.

सकाळी कपाट उघडलं.
हजेरीबुक पिशवीत घातलं,
त्याच्यावर डबा ठेवला,
आणि सांगलीच्या बाजूला तोंड करून
स्टॉपवर उभा राहिलो.